खेळ सुटलेल्या पोराला रेसिंग सायकलिंगमध्ये कसं आणायचं

अकॅडमीच्या लिस्टमधून नाव कट झालं, किंवा गुडघ्याचं लिगामेंट गेलं, किंवा कोचशी वाजलं आणि किट बॅग माळ्यावर गेली. तेव्हापासून पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं दार लावून मोबाइल घेऊन पडलंय, जेवायला हाक मारली तरी खेकसतंय, शाळेतून तक्रारी येतायत. अशी घरं खूप आहेत हो. आणि पहिली गोष्ट सांगतो, हे पोरगं आळशी नाहीये. लहानपणापासून पहाटे उठून ग्राउंडवर गेलेलं आहे, आता त्याला संध्याकाळी पाच वाजता जायला जागाच उरलेली नाही, एवढाच त्याचा प्रॉब्लेम आहे आणि तो लहान नाहीये.

सायकलिंगच का, तर दुसऱ्या खेळात कमावलेला दम इथे वाया जात नाही. बेल्जियमचा रेमको एवेनेपूल बघा, आंडरलेख्ट आणि पीएसव्हीच्या फुटबॉल अकॅडमीत वाढलेला, बेल्जियमच्या अंडर-१५ आणि अंडर-१६ टीमकडून खेळलेला. पुढे फुटबॉलमध्ये गाडं अडलं, मन उडालं, आणि २०१७ मध्ये तो सायकलवर आला. २०१८ मध्ये ऑस्ट्रियात इन्सब्रुकला ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपची रोड रेस आणि टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी लावलेली शर्यत) दोन्ही जिंकला, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये परत दोन्ही गोल्ड. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच तर स्की जंपिंगवाला, २००७ मध्ये ज्युनिअर टीम वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि त्याच वर्षी प्लानिकाच्या स्की जंपवर भयानक पडला, सायकल रेसिंगला लागला तो विशी ओलांडल्यावर, तरी पुढे चार वेळा स्पेनची वुएल्टा आणि एकदा इटलीची जिरो, या तीन आठवड्यांच्या मोठ्या रेस जिंकला. आता हेही खरं की रेमकोचे वडील स्वतः प्रोफेशनल सायकलपटू होते, त्यामुळे आपल्या पोराकडून तसल्या मेडलची अपेक्षा ठेवून सुरुवात करू नका. पण फुटबॉल, ॲथलेटिक्स, कबड्डी, स्विमिंग केलेल्या पोराचं हार्ट आणि फुप्फुसं तयार असतात, आणि रोज प्रॅक्टिसला जायची सवय असते, ती कुठल्या दुकानात विकत मिळत नाही.

सायकल घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. दुखापत असेल तर ऑर्थोपेडिक आणि फिजिओला विचारा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओ स्वतःच बऱ्याचदा स्टॅटिक सायकल करायला लावतात कारण त्यात पायावर आदळआपट नाही, पण रस्त्यावर कधी उतरायचं हे त्यांनीच ठरवायचं. दुसरं, पोरगं नीट झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर सायकल बाजूला ठेवा आणि आधी समुपदेशकाकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. सायकलिंगने मन हलकं होतं हे शंभर टक्के खरं, पण ते उपचारांच्या जोडीला, उपचारांऐवजी नाही.

मग विचारायचं कसं? "आता सायकलिंगमध्ये तरी काहीतरी करून दाखव" हे वाक्य तोंडातून काढू नका, त्या "तरी"मध्ये सगळा जुना हिशोब येतो आणि पोरगं पुन्हा दार लावून घेतं. त्यापेक्षा जवळच्या सायकल ग्रुपची रविवारची राइड बघा, पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर, मुंबई-ठाणे, सगळीकडे ग्रुप आहेत, कोणाची तरी जास्तीची सायकल मागून घ्या आणि नुसतं सोबत पाठवा. परत आल्यावर ॲव्हरेज स्पीड किती पडला विचारू नका, भूक लागली का विचारा.

सायकल लगेच महागातली घेऊ नका. पहिले दोन-तीन महिने ग्रुपमधली जुनी किंवा साधी गिअरवाली सायकल चालते, फक्त साइज बरोबर हवी, "पुढच्या वर्षी उंची वाढेल" म्हणून मोठी फ्रेम घेतली की पाठ आणि मान गेलीच समजा. सीटची उंची घरीच लावता येते, पोराला भिंतीला धरून सायकलवर बसवा, टाच पेडलवर ठेवून पेडल खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागच्या बाजूला दुखलं तर वर आहे. हेल्मेटवर मात्र चर्चा नाही, हेल्मेट नाही तर राइड नाही.

आता दुसऱ्या खेळातून आलेल्या पोरांचा नेहमीचा लोचा. पायात ताकद असते, त्यामुळे सगळ्यात जड गिअर टाकून दात-ओठ खाऊन पेडल मारतात, पहिले पाच किलोमीटर सगळ्यांच्या पुढे आणि वीस किलोमीटरला गुडघा धरून रस्त्याच्या कडेला. त्यांना हलका गिअर आणि भरभर पाय शिकवावं लागतं. उजवा गुडघा वर आला की एक, असं पंधरा सेकंद मोजायला सांगा, बावीस-तेवीस आलं की मिनिटाला नव्वदच्या आसपास होतं, ते हवं. सुरुवातीला पोरं म्हणतात ह्यात जोरच लागत नाही, मजा नाही. थांबा म्हणावं, घाट आल्यावर कळेल. आठवड्यात तीन-चार राइड पुरे, त्यातली एकच जोरात, बाकी शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या आरामात, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. घाटाला घाई नको, बोपदेव किंवा सिंहगड कुठे पळून जात नाही, आणि उतारावर ब्रेक कसा मारायचा हे चढायच्या आधी शिकवा.

सायकलची जबाबदारी पहिल्या दिवसापासून त्याची. पंक्चर तर त्यानेच काढायचं, तुम्ही बाजूला बसा. चाक उतरवायचं, लिव्हरने टायर सोडवायचा, ट्यूबमध्ये हवा भरून बादलीत धरायची, बुडबुडे आले तिथे खूण, पुसून कोरडी, पॉलिश पेपरने घासायची, सोल्युशन लावायचं आणि मग थांबायचं, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचंच, घाई केली की पॅच निघतो. शेवटी टायरच्या आतून हळूच बोट फिरवून काच किंवा काटा शोधायचा. दोनदा फसेल, फसू द्या. टीममधून काढलेल्या पोराला बरेच दिवस कोणी कुठली गोष्ट विश्वासाने हातात दिलेली नसते, आणि इथे त्याने जोडलेल्या ट्यूबवर तो स्वतः चाळीस किलोमीटर जाऊन येतो. माझ्या मते खरा फरक इथे पडायला लागतो, मेडल फार नंतरची गोष्ट.

दुसरा फरक पडतो लाइनमध्ये. ग्रुप एका मागे एक चालतो, पुढचा वारा खातो, मागच्यांना त्याच वेगाला बरीच कमी ताकद लागते, आणि पाळीपाळीने पुढचा बाजूला होऊन मागे येतो. नवीन पोराला पुढच्या सायकलच्या मागच्या चाकावर नजर रोखायची सवय असते, ती मोडा, नजर पुढच्याच्या खांद्यावरून पलीकडे. चाक चाकाला घासू द्यायचं नाही, अचानक ब्रेक नाही, खड्डा दिसला की हाताने दाखवायचा आणि ओरडायचं. आपली पाळी आली की वेग वाढवायचा नाही, आहे तो धरायचा. हे शेवटचं रागीट पोरांना सगळ्यात जड जातं, कारण पुढे आलं की ताकद दाखवायची खुमखुमी असते, पण त्याने जोर मारला की मागचा दमलेला सुटतो आणि लाइन तुटते. बेंचवर बसून कंटाळलेल्या पोराला इथे कळतं की त्याच्या एक मिनिटाच्या पाळीवर बाकीचे अवलंबून आहेत. ते कळलं की पोरगं रविवारी उठवावं लागत नाही.

खाणं कमी करू देऊ नका, हे मुलींच्या आयांना जास्त कळकळीने सांगतोय. घाट चढायला वजन कमी पाहिजे असं कोणीतरी कानात सांगतं आणि वाढत्या वयात जेवण सुटतं, मुलींची पाळी चुकायला लागते, हाडं कच्ची राहतात. पाळी बंद झाली तर डॉक्टर, ताबडतोब. निघताना पोहे किंवा केळी, तासाच्या वरच्या राइडला खिशात खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, बाटलीत मीठ-साखर-लिंबू. जिममधल्या दादाने दिलेली पावडर नको. नाडाची (उत्तेजक द्रव्यं तपासणारी राष्ट्रीय संस्था) टेस्ट झाली आणि त्यात काही निघालं तर "मला माहीत नव्हतं" चालत नाही. दम्याचा पंप वगैरे असेल तर रेसच्या आधीच डॉक्टरांकडून कागदपत्रं करून ठेवा.

रेसची घाई नको, पण पोरगं स्वतः विचारायला लागलं की पहिली रेस टाइम ट्रायल निवडा, त्यात एकेकटं सोडतात, घोळक्यात पडायची भीती नसते आणि स्वतःच्याच वेळेशी भांडण असतं. शालेय स्पर्धांमध्ये सायकलिंग आहे, क्रीडा शिक्षकांकडे चौकशी करा. बाकी जिल्हा संघटनेची निवड चाचणी, मग राज्य, मग नॅशनल असा रस्ता आहे. ज्युनिअर म्हणजे १७ आणि १८, आणि वय त्या कॅलेंडर वर्षात किती पूर्ण होतं त्यावरून धरतात, हा गोंधळ खूप जण करतात. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, फोटो एका फाइलमध्ये तयार ठेवा. ट्रॅकवर कल दिसला तर पुण्यात बालेवाडीला वेलोड्रोम, म्हणजे सायकल रेसिंगचा ट्रॅक आहे, फक्त ट्रॅक सायकलला ब्रेक नसतात आणि पेडल थांबवता येत नाही, त्यामुळे कोचशिवाय उतरवू नका.

नातेवाईक विचारणारच, ह्यात पुढे काय? राज्याच्या सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि सेनादलातही सायकलपटू घेतात, त्यामुळे सर्टिफिकेट जपून ठेवा. पण हे पोरासमोर रोज उगाळू नका.

मध्येच एखादा आठवडा तो पुन्हा खोलीत जाऊन पडेल, जुन्या टीमचे फोटो बघेल. तेव्हा लेक्चर नको, ग्रुपमधल्या त्याच्याच वयाच्या कोणाला तरी घरी बोलवा, चेन साफ करायचं निमित्त पुरतं. आणि वर्षभराने तो म्हणाला की मला रेस नको, नुसतं फिरायचंय, तर हो म्हणा आणि सायकल विकायला काढू नका.