दुकानदार, देणगीदार आणि पुढारी यांना बोलतं कसं करावं: गावपातळीवरच्या मुलाखतींसाठी

‘तुमच्या यशाचं गमक काय?’ असं विचारलं की समोरचा माणूस सत्काराला उत्तर द्यायला उभा राहतो. मेहनत, सचोटी, आई-वडिलांचा आशीर्वाद, आणि टेप बंद. गोल प्रश्नाला गोल उत्तर मिळतं. तालुक्याच्या गावातल्या माणसांकडून धंदा, दानत आणि पुढारपण समजून घ्यायचं असेल तर गुणांबद्दल विचारू नये, व्यवहाराबद्दल विचारावं. एखादी नोंद, एखादी पावती, एखादी सभा पुढे ठेवावी. दिवाळी अंक असो, शाळेची स्मरणिका असो की गावाचं ध्वनिमुद्रण, खालची पद्धत सगळीकडे चालते.

यादी आधी भिंतीवर वाचावी

कुणाशी बोलायचं हे एखाद्या प्रतिष्ठित माणसाला विचारून ठरवलं की त्याच्याच बैठकीतली दहा माणसं मिळतात. त्यापेक्षा एक सकाळ गावात फिरावं. देवळाच्या पायऱ्या, शाळेच्या खोल्या, स्मशानभूमीतले बाक, पाणपोई, एसटी स्टँडचा निवारा, सगळीकडे ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे दगड असतात. त्यांचे फोटो काढून नाव, रक्कम आणि साल एका वहीत उतरवावं. मग शाळेच्या रौप्य किंवा सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मागवाव्यात. त्यातले लेख नंतर वाचले तरी चालतील, आधी मागच्या पानांवरच्या जाहिराती पाहाव्यात. त्या काळी कुठली दुकानं जोरात होती आणि आज त्यातली कुठली नाहीत, हे तिथे कळतं. बंद पडलेल्या दुकानाचा मालक चालू दुकानाच्या मालकापेक्षा धंद्याबद्दल जास्त मोकळं बोलतो.

बारा ते पंधरा मुलाखती एका गावाला पुरतात. त्यातले निम्मेच मालक असावेत. उरलेल्यांत हमाल, जुने दिवाणजी, बचत गटाची अध्यक्ष, मंडळाचा खजिनदार, पतसंस्थेचा पिग्मी एजंट. पिग्मी एजंट बचतीचे पैसे गोळा करायला रोज प्रत्येक दुकानाच्या गल्ल्यापाशी उभा असतो, बाजाराची नाडी त्याला कळते. मात्र कुणाची पिग्मी किती हे त्याला विचारू नये. त्याची नोकरी त्या गुप्ततेवर चालते, आणि एका प्रश्नाने तो कायमचा गप्प होईल.

कधी जावं

भवानी व्हायच्या आधी दुकानात शिरू नये, बाजाराच्या दिवशी तर मुळीच नको. दुपारी दोन ते चार ही वेळ बऱ्याच ठिकाणी निवांत असते. हंगाम त्याहून महत्त्वाचा. खत-बियाण्यांच्या दुकानात जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, सोयाबीनच्या आडतीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. कापडवाला लग्नसराईत नजर वर करत नाही. कापड आणि सराफी दुकानांसाठी सर्वांत चांगला काळ पितृपंधरवड्याचा, कारण गिऱ्हाईक कमी असतं आणि मालक गादीवर बसून असतो. (अधिक महिनाही असाच रिकामा असेल असं समजू नये. जावयाच्या वाणामुळे सराफाकडे तेव्हा चांदीची गर्दी असते.)

पुढारपणाबद्दलच्या मुलाखती ग्रामपंचायत, बाजार समिती किंवा साखर कारखान्याच्या निवडणुकीच्या आसपास घेऊ नयेत. त्या काळात प्रत्येक वाक्य प्रचार असतं. निकालानंतर महिनाभर जाऊ द्यावा.

पहिली भेट यंत्राशिवाय

वीस मिनिटं बसावं, चहा घ्यावा, आणि हे सगळं कशासाठी, कोण वाचणार किंवा ऐकणार आणि किती वेळ लागणार ते सांगावं. गावात त्यांना ज्या नावाने हाक मारतात, शेठ, अण्णा, तात्या, अक्का, काकू, त्याच नावाने बोलावं. ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हटलं की कचेरी उभी राहते.

व्यापाऱ्याच्या मनात पहिली शंका असते आयकराची आणि जीएसटीची. म्हणून उलाढाल विचारणार नाही, हे आपणच आधी सांगून टाकावं. आकार मोजायला रुपये लागतही नाहीत. रोज किती पोती उतरायची, कामाला किती माणसं होती, दिवाळीत किती दिवस जादा माणूस लावावा लागायचा, किती माग चालायचे, यातून धंद्याचं माप बरोबर कळतं.

संमतीपत्र एका पानाचं, मराठीत. आवाज, फोटो, मजकूर यांतलं काय वापरायचं त्यावर वेगवेगळी खूण. कुठला भाग बंद ठेवायचा. आणि छापण्याआधी माघार घेण्याचा हक्क. ते मोठ्याने वाचून दाखवावं. चष्मा घरी राहिला आहे असं म्हणणाऱ्याला कागद पुढे सरकवू नये.

आवाज

कॉलर माइक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावावा. पदर, मंगळसूत्र, उपरणं त्याला घासणार नाही हे पाहावं, कारण ती खरखर नंतर काढता येत नाही. हातात बांगड्या असतील तर हात मांडीवर ठेवायची विनंती करावी. पंखा बंद. दुकानातल्या थंड पेयांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर कानाला सवयीने ऐकू येत नाही, माइकला येतो. तेवढा वेळ तोही बंद करावा, आणि निघताना चालू करायला विसरू नये म्हणून आपल्या गाडीची किल्ली त्यावर ठेवावी.

कापड दुकान ध्वनिमुद्रणाला उत्तम. गादी आणि तागे आवाज शोषून घेतात. भांड्यांचं दुकान सर्वांत वाईट, तिथे मागच्या गोदामात किंवा घरी बसावं. मोनो, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट वेव्ह फाइलला तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. आवाजाची पातळी मोठ्यात मोठ्या शब्दाला उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली की हसण्याने आवाज फाटत नाही. दुसरा फोन विमान मोडवर टाकून बाजूला चालू ठेवावा. सुरुवातीला तारीख, गाव, नाव बोलावं आणि दहा सेकंद कुणीही न बोलता खोलीचा आवाज घ्यावा, तो जोडकामात लागतो. एक बैठक तासाभराची. पंचाहत्तरीपुढच्या माणसाची पाऊण तासाची, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा.

धंदा: भांडवलापासून सुरुवात

पहिला प्रश्न: ‘पहिलं भांडवल कुठून आलं?’ भिशी, हातउसने, सासरचं सोनं, विकलेली जमीन, मामाच्या दुकानातली नोकरी, उत्तर काहीही असो, ते ठोस असतं. त्याला जोडून दुसरा: ‘ते कधी फिटलं?’ या दोन प्रश्नांत घराण्याची निम्मी कथा येते. त्यानंतर उधारी. वही कशी लिहायची, सुगीला किती वसूल व्हायची, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाताना दिसलं तर काय करायचं.

सालं कुणाच्या लक्षात नसतात, प्रसंग असतात. त्यामुळे एका कार्डावर आपल्या भागातल्या तारखा लिहून न्याव्यात: कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, दुष्काळ १९७२, किल्लारी ३० सप्टेंबर १९९३, सांगली-कोल्हापूरकडे २००५ आणि २०१९ चे पूर, नोटाबंदी ८ नोव्हेंबर २०१६, टाळेबंदी मार्च २०२०. ‘दुकान वाढवलं ते बहात्तरच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की दोन-चार वर्षांच्या फरकाने साल सापडतं. हाच प्रश्न उलटा करून विचारावा: ‘त्या दुष्काळात उधारी बंद केली की वाढवली?’ इथून माणूस आपोआप दानाच्या विषयावर येतो, विषय बदलल्याचं त्याला जाणवतही नाही.

भावांमधल्या वाटणीबद्दल शेवटी विचारावं. नाही विचारलं तरी चालतं.

दानत: नकारापासून विचारावं

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्यावा, कारण इथेच सगळ्यांत जास्त झाकलेलं असतं. गावातलं देणं ढोबळपणे तीन तऱ्हेचं: दारात पावती-पुस्तक घेऊन उभ्या असलेल्यांना द्यावी लागणारी वर्गणी, दगडावर नाव येणारी देणगी, आणि गुप्तदान. तिन्हींचे हेतू वेगळे, म्हणून तिन्ही एका प्रश्नात कोंबू नयेत.

वर्गणीबद्दल: आकडा कोण ठरवतं, मागच्या वर्षीची पावती काढून दाखवतात का, कमी दिली तर काय होतं. गणेशोत्सवासाठी वर्गणी गोळा करायला मंडळाला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती घेतली होती का, हे खजिनदाराला विचारायचं, दुकानदाराला नाही. दुकानदाराच्या तोंडून आलं तर ती तक्रार होते, आणि त्याला त्याच गल्लीत राहायचं असतं.

देणगीबद्दल: दगडावरची रक्कम तेव्हाच्या मापात आणावी. ‘त्या ५०१ रुपयांत तेव्हा किती पोती ज्वारी यायची?’ आजच्या वाचकाला ५०१ किरकोळ वाटतात, पोत्यांचा आकडा ऐकल्यावर वाटत नाहीत. दगडावर एकाचंच नाव असतं, पैसे चौघांचे असू शकतात. कुणाकुणाचे होते ते विचारावं. अलीकडच्या मोठ्या देणग्यांचा माग लावणं सोपं आहे, कारण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. ज्याला वजावट हवी असते तो चेकने देतो आणि पावती जपून ठेवतो.

गुप्तदानाबद्दल नाव विचारलं की ते गुप्त राहत नाही, म्हणून रीत विचारावी: मागणी कुणामार्फत येते, पाकीट कोण नेतं, घेणाऱ्याला कळतं का.

आणि तिन्हींच्या बाहेरचा प्रश्न, जो बहुतेक जण विसरतात: ‘वहीतून आपण होऊन खोडलेली उधारी आहे का?’ आजारी गड्याचा पगार चालू ठेवणं, सुगीपर्यंत वह्या-पुस्तकं उधार देणं, मयताच्या घरी न मागता शिधा पाठवणं याला कुणी दान म्हणत नाही. त्यामुळे ‘तुम्ही काय दान केलंत?’ या प्रश्नाला ते उत्तर म्हणून कधीच येत नाही. बायकांचं देणं तर असंच निसटतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिच्या वसतिगृहांसाठी घराघरांत मूठमूठ धान्य बाजूला काढलं जाई, तो मुष्टिफंड. त्याचं नाव कुठल्या दगडावर असणार? साताऱ्या-सांगलीकडच्या घरांत आजीला याबद्दल वेगळं विचारावं, आजोबांच्या देखत नाही.

श्रमदानही याच खात्यातलं. गावाने २०१६ ते २०१९ मध्ये वॉटर कप स्पर्धेत भाग घेतला असेल तर पहाटे रोज कोण यायचं आणि फोटोच्या दिवशी कोण यायचं, हे गावात सगळ्यांना तोंडपाठ असतं.

सर्वांत उपयोगी प्रश्न मात्र हाच: ‘कुणाला नाही म्हणालात, आणि का?’ प्रत्येक देणाऱ्याचा नकाराचा एक नियम असतो. कुणी लग्नाला देतो पण जेवणावळीला नाही, कुणी शिक्षणाला देतो पण रोख नाही, थेट शाळेत भरतो. तो नियम कळला की माणूस कळला. नाव न घेता सांगा, असं आधीच म्हणावं.

पुढारपण: एका सभेवर बोट ठेवावं

नेत्याला नेतृत्वाबद्दल विचारणं व्यर्थ आहे, त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. त्याऐवजी एक वादाचा ठराव निवडावा: रस्त्याचं रुंदीकरण, टाकीची जागा, गाळ्यांचा लिलाव. ग्रामसभा वर्षाला किमान चार व्हाव्या लागतात आणि त्यांचं इतिवृत्त ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) असतं. सरळ मागून मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज १० रुपयांचा, प्रत पानाला २ रुपये. ते वाचून मगच बसावं. ‘त्या दिवशी विरोधात कोण उभं राहिलं? रात्री त्यांच्या घरी कोण गेलं?’ पुढारपण सभेत कमी आणि त्या रात्रीच्या भेटीत जास्त असतं. तोच प्रसंग विरोधकाकडून आणि तिसऱ्या, बघ्या माणसाकडून ऐकावा. तिघांत जुळतं तेवढं ठाम लिहावं, बाकीचं ज्याचं त्याच्या नावावर.

महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा महिलांच्या, पण सरपंचबाईंची मुलाखत घ्यायला गेलं की खुर्चीवर पती बसलेले असतात. वाद घालू नये. दोघांनी जावं; एकाने त्यांना झालेली कामं दाखवायला बाहेर न्यावं, दुसरीने, शक्यतो बाईनेच, आत बसावं. ‘तुमच्या काळात काय कामं झाली?’ याला ठेवणीतली यादी मिळते. पंचायतीच्या चेकवर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांची सही लागते, म्हणून विचारावं: ‘सही करायची नाही म्हणून कुठला कागद अडवलात का?’ असेल तर मुलाखत तिथून सुरू होते. नसेल तर तेही समजतं.

बिघडतं कुठे

दुकानात चार माणसं जमतात आणि कोरस सुरू होतो. ज्याला बोलायचं आहे त्याला वेगळी वेळ द्यावी, तिथेच गप्प करू नये. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकणं ही नवख्यांची खोड. पाच-सहा सेकंद थांबावं, खरी गोष्ट बऱ्याचदा त्या पोकळीत येते. ‘हे लिहू नका’ म्हणाले तर यंत्र त्यांना दिसेल असं बंद करावं आणि शब्द पाळावा. हयात माणसावरचा आरोप कागदाशिवाय छापू नये. अब्रुनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि ‘मी नाही, ते म्हणाले’ हा बचाव चालत नाही.

नंतर

तासाभराचं बोलणं म्हणजे सात-आठ हजार शब्द, उतरवायला पाच-सहा तास. आपोआप टंकणारी साधनं बोलीवर अडखळतात. ‘आडत’, ‘तोलाई’, ‘पट्टी’ हे शब्द हाताने तपासावेत. बोली ठेवावी, पण एकाची बोली ठेवून दुसऱ्याची प्रमाण करू नये. तसं केलं की हमाल विनोदी आणि शेठ भारदस्त दिसतो.

छापण्याआधी मजकूर त्यांना वाचून दाखवावा. नावं, आकडे, नाती दुरुस्त करू द्यावीत. स्वतःचं बोलणं गाळायचं असेल तर गाळावं. पण मुलाने येऊन वडिलांचं बोलणं ‘नीट’ करून दिलं तर ते घेऊ नये. मूळ ध्वनिफितीची एक प्रत घरच्यांना पेन ड्राइव्हवर, एक गावच्या सार्वजनिक वाचनालयात, एक आपल्याकडे. फाइलचं नाव तारीख, गाव, आडनाव या क्रमाने, आणि बंद ठेवायचा भाग वेगळ्या फाइलमध्ये, संमतीपत्राच्या फोटोसह.