पेट्रोल पंपाच्या निरीक्षण बोअरचे नमुने: बाटलीत बुडबुडे का येतात

लक्षण: पुण्यातल्या एका पंपावर, जमिनीखालच्या टाकीशेजारच्या, पेट्रोलची गळती तपासायच्या बोअरमधून पाण्याची ४० मिलिची बाटली काठोकाठ भरली, उलटी करून टिचकी मारली, बुडबुडा नाही. अर्ध्या तासाने मात्र वाटाण्याएवढा बुडबुडा. पेट्रोलमधलं बेंझीन (सहज उडणारं विषारी रसायन) त्या पोकळीत उडून जातं आणि आकडा खोटा कमी येतो.

बाटल्या बदलल्या, झाकणातल्या चकतीची टेफ्लॉनची बाजू पाण्याकडेच आहे ना तपासलं, पाणी उपसायच्या पंपाचा वेग मिनिटाला १०० मिलिवर आणला. काही फरक नाही. तीन फेऱ्या वाया गेल्या, वैताग आला.

दोष नमुना टिकावा म्हणून बाटलीत आधीच घातलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा. इथल्या काळ्या पाषाणातल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. आम्ल लागताच सोड्यासारखं फसफसतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो.

जमलं ते असं. आधी पातळी मोजली. मग संथ उपसा, पातळी १० सेंमीपेक्षा जास्त खाली न जाऊ देता. दर पाच मिनिटांनी नोंद. सलग तीन नोंदींत सामूतला फरक ०.१ च्या आणि विद्युतवाहकतेतला ३ टक्क्यांच्या आत आल्यावर एक आम्लवाली बाटली फक्त चाचणीसाठी भरून पाहिली. फसफसली, ती बाजूला. खरे नमुने बिनआम्लाच्या नव्या बाटल्यांत, कडेने धार सोडून, तोंडावर पाणी फुगेपर्यंत. आम्लाची बाटली विसळून वापरू नका.

लेबलवर ‘आम्ल नाही’ लिहून लगेच बर्फात, ४ अंशांवर, गोठवायचं नाही. आम्लाशिवाय जिवाणू बेंझीन खातात, म्हणून तपासणी आम्लवाल्या नमुन्यासारखी १४ नव्हे, ७ दिवसांत. लॅबला हे आदल्या दिवशीच कळवा.