नर्व्ह स्टिम्युलेशनच्या टेस्टला जायच्या आधी काय काय करून ठेवायचं

संडास लागली की धरवत नाही, किंवा कळायच्या आत कपड्याला डाग पडतो, आणि त्यासाठी डॉक्टरांनी सेक्रल नर्व्ह स्टिम्युलेशन सुचवलंय, तर पहिली गोष्ट ही लक्षात घ्या की थेट मशीन बसवत नाहीत. आधी टेस्ट असते. माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडाला भोकं असतात, त्यातल्या तिसऱ्या भोकातून बारीक वायर नसेजवळ नेतात, बाहेर छोटं डबडं जोडतात, आणि काही दिवस हलका करंट देऊन फरक पडतो का ते बघतात. फरक पडला तरच कुल्ल्याच्या वरच्या भागात त्वचेखाली कायमची बॅटरी. आणि फरक पडला की नाही हे ठरतं तुम्ही घरी लिहिलेल्या डायरीवरून, म्हणून माझ्या मते तयारीतलं निम्मं काम डायरीचंच आहे.

टेस्टच्या आधी साधारण दोन आठवडे लिहायला लागा, कारण आधीचे आकडे नसतील तर नंतरचे कशाशी ताडून बघणार? रोज किती वेळा गेलात, किती वेळा नकळत झालं, किती वेळा लागल्याचं कळलं पण पोचेपर्यंत झालं (हे दोन वेगळे लिहा, डॉक्टरांना ते वेगळेच हवे असतात), नुसता डाग होता का पूर्ण, पातळ का घट्ट, किती मिनिटं धरता आलं, पॅड किती बदलले. पातळ-घट्टसाठी ब्रिस्टल चार्ट मागून घ्या, त्यात १ म्हणजे कडक खडे आणि ७ म्हणजे पाणी, नुसता आकडा टाकला की झालं, वर्णन करत बसावं लागत नाही. साधारण नियम असा की नकळत होण्याचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखाली आलं तर टेस्ट यशस्वी, म्हणजे आधी आठवड्यात ८ वेळा होत असेल तर ४ किंवा कमी. आता लाजेपोटी ८ चे ५ लिहिले तर काय होईल बघा, टेस्टमध्ये खरोखर ४ वर आलात तरी कागदावर फरक दिसणार नाही आणि उपयोगी पडणारं मशीन हातचं जाईल. आईच्या वेळी ती वही मी लिहायचे, कारण तिला स्वतःच्या हाताने लिहायचा संकोच व्हायचा, तुमच्याकडेही तसं असेल तर सून, मुलगी, नवरा, ज्याच्याशी बोलता येतं त्याला हे काम द्या, पण वही खरी ठेवा.

दुसरं, साधे उपाय नीट होऊन गेलेत का ते तपासा. इसबगोल, लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी), ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचे व्यायाम, बायोफीडबॅक (मशीनवर बघत बघत ते स्नायू आवळायला शिकणं), हे सगळं योग्य डोसमध्ये आणि पुरेसे दिवस झालं होतं का? डायबेटिस असेल तर मेटफॉर्मिनने पातळ होतंय का हे जरूर विचारा, कित्येकांना त्याचाच त्रास असतो आणि गोळी बदलली की बराच फरक पडतो. वयस्कर माणसांत उलटंही असतं, आत कडक खडा अडकलेला आणि बाजूने पातळ झिरपतं, वरून जुलाब वाटतात, तिथे करंटच्या आधी पोट साफ करायला हवं. कोलोनोस्कोपी, मॅनोमेट्री (गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजायची तपासणी), गुदद्वाराची आतून सोनोग्राफी यातलं जे झालं असेल त्याचे रिपोर्ट एका फाइलीत लावा, बाळंतपणात फाटलं होतं का, फिशर-फिस्टुला-मूळव्याधीचं ऑपरेशन कधी झालं, तेही तारखेसकट एका कागदावर.

आणि नक्की कुठली थेरपी सुचवलीय ते विचारा, कारण नर्व्ह स्टिम्युलेशन म्हणून घोट्याजवळ सुई टोचून करंट द्यायचीही एक पद्धत आहे, आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे १२ आठवडे. स्वस्त आहे, ऑपरेशन नाही, पण २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या २२७ पेशंटच्या अभ्यासात खोट्या करंटपेक्षा फार फायदा दिसला नव्हता. पाठीतली पद्धत वेगळी, ती या त्रासासाठी १९९५ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडली आणि अमेरिकेत २०११ मध्ये तिला मान्यता मिळाली. दोन्हींचा खर्च आणि अपेक्षा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पैशाचं आधीच बोला. मशीन परदेशातून येतं, खर्च लाखांत जातो, त्यामुळे टेस्टचं आणि कायमच्या मशीनचं एस्टिमेट वेगवेगळं लेखी घ्या, आणि इन्शुरन्स असेल तर टीपीएला (इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) ऑपरेशनच्या आधी पत्र जाऊ दे, मशीनची किंमत पॉलिसीत बसते का हे त्यांच्याकडून लेखी आलं पाहिजे, तोंडी हो वर विसंबू नका.

रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी बंद करायच्या ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनाने बंद करू नका. शुगर कंट्रोलमध्ये आणा, इन्फेक्शन झालं तर वायर काढावी लागू शकते. पेसमेकर असेल, गरोदर असाल किंवा पुढे एमआरआय लागणार असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, एमआरआय चालणारी मॉडेल आहेत पण ते आधी ठरवावं लागतं. वायर घालताना पोटावर पालथं झोपवतात, मान, गुडघे किंवा श्वासाचा त्रास असेल तर तेही सांगा. त्या जागेपुरती भूल असेल तर करंट कुठे जाणवतो ते विचारतील, गुदद्वाराजवळ मुंग्या किंवा आत ओढल्यासारखं वाटणं आणि पायाचा अंगठा हलणं ही चांगली खूण, तेव्हा न लाजता नेमकी जागा सांगा.

घरी काय बदलायचं? टेस्टच्या दिवसांत वाकणं, पिळा देणं, जड उचलणं बंद, वायर सरकते. खाली बसायचा संडास असेल तर कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा. आंघोळ नाही, अंग पुसायचं, जेट स्प्रे जपून, पट्टी भिजता कामा नये. परकराची किंवा पायजम्याची नाडी पट्टीवर येणार नाही असे सैल गाऊन किंवा कपडे काढून ठेवा. कायमची बॅटरी बसवायच्या आधी तर बसून, उभं राहून, नाडी नेहमी बांधता तिथे बांधून जागेवर पेनने खूण करून घ्या, नाहीतर बसताना रोज टोचेल. टू-व्हीलर त्या दिवसांत नकोच.

आता एक गोष्ट बरेच जण चुकवतात. टेस्ट चालू आहे म्हणून नुसता मऊ भात-ताक खाऊन घरात बसतात, मग आकडे छान येतात आणि मशीन बसल्यावर मिसळ खाल्ली, लग्नाला गेले की निराशा. जे नेहमी खाता तेच खा, तेवढाच चहा, तेवढंच तिखट, लोपेरामाइड चालू असेल तर तीच मात्रा, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर भाजी आणायला, देवळात, जिथे जायला भीती वाटते तिथे थोडं जाऊन या. पॅड बरोबर असू दे. टेस्टमध्ये कळायला हवं की तुमच्या खऱ्या आयुष्यात याचा उपयोग होतो का.

पट्टीखाली लाल होणं, पू, ताप, किंवा करंट अचानक पायात जाणं, असं काही झालं तर कोणाला फोन करायचा तो नंबर डबड्यावरच चिकटवा. नुसती तात्पुरती वायर असेल तर ती काढल्यावर जुना त्रास परत येतो, त्याने घाबरू नका, कायमच्या बॅटरीची तारीख मिळेपर्यंत पुरेल इतके पॅड आणून ठेवा. बॅटरी बसली की मिळालेलं कार्ड पाकिटात ठेवा, आणि फिजिओथेरपीला गेलात तर शेक सुरू व्हायच्या आधी सांगा की डायथर्मी (मशीनच्या लहरींनी आतपर्यंत दिलेला शेक) मला चालत नाही, कंबरेलाच काय, खांद्यालाही नाही, कारण त्या लहरींनी वायर तापून आतून भाजू शकतं.