सैतानाशी करार : ‘फाउस्ट’ची कोणती प्रत घ्यावी?

सैतानाला आत्मा विकणाऱ्या विद्वानाची कथा प्रथमच वाचायची असेल, तर इंग्रज नाटककार ख्रिस्तोफर मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’पासून सुरुवात करणे सोयीचे, कारण ते नाटक आटोपशीर आहे आणि कराराची चोवीस वर्षांची मुदत संपतानाच्या शेवटच्या तासाची धास्ती त्यात थेट अंगावर येते. मात्र त्याच्या १६०४ आणि १६१६ अशा दोन संहिता आहेत. दुसरीत विनोदी प्रवेशांची बरीच भर असल्याने पहिल्या वाचनासाठी १६०४ची, तळटिपा त्याच पानावर असलेली प्रत निवडावी. पुस्तकाच्या शेवटी टिपा असतील, तर मागे बोट घालून वाचणे ही निव्वळ शिक्षा ठरते.

याच कथेवरच्या, जर्मन कवी ग्योथेच्या ‘फाउस्ट’ या नाटकाचा १८०८ सालचा पहिला भाग स्वतंत्रपणे वाचता येतो, १८३२चा दुसरा भाग ग्रीक पुराणकथांनी इतका भरलेला आहे की टिपांवाचून त्याला हात घालू नये. बेयर्ड टेलरचे एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी भाषांतर फुकट मिळते, पण मूळ वृत्ते सांभाळण्याच्या हट्टापायी त्यातली वाक्ये फार उलटसुलट होतात. डेव्हिड ल्यूकचे भाषांतरही पद्यातच आहे, तरी ते सहज वाचता येते. प्रत घेण्यापूर्वी अभ्यासिकेतला पैजेचा प्रवेश, म्हणजे ‘एखाद्या क्षणाला मी थांब म्हणालो, तर मला बेड्या घाल’ असे फाउस्ट मेफिस्टोफेलिस या सैतानाला सांगतो तो भाग, मोठ्याने वाचून पाहावा. पैज नेमकी कशावर लागली आहे, हे एका वाचनात कळले नाही, तर ती प्रत परत फळीवर ठेवावी.