शिक्षणकर्ज काढताय? या चुका टाळा

बँकेत कर्जाच्या टेबलावर माझी पंचवीस वर्षं गेली, सगळी कोकणात. दर जून-जुलैला तेच. एमबीए-एमटेकला प्रवेश घेऊन झालेला, पहिली फी आठ दिवसांत भरायची, आणि आता 'कर्जाचं काय ते बघूया'.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आंब्याच्या बागेच्या जिवावर कर्जाचा आकडा ठरवणं. देवगडकडचे बापलेक आले होते. पुण्यात एमबीए, मागणी ११ लाखांची. तारणाचं विचारलं तर वडील म्हणाले, "शंभर कलमां आसत साहेबांनू, आणि काय व्हया?" सातबारा उघडला. २३ नावं! पाच जण कधीच वारलेले, वारसनोंद नाही, दोन चुलते मुंबईत, एका आत्याचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. सातबारा एकट्याच्या नावावर असता तरी भागलं नसतं. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकायची मुभा बँकेला ज्याने मिळते, तो सरफेसी कायदा शेतजमिनीला लागत नाही, म्हणून शिक्षणकर्जासाठी बहुतेक बँका ती तारण घेत नाहीत. घर त्याच सामाईक जमिनीत, हातात फक्त घरपट्टीची पावती.

मग मी कागद घेतला. दोन वर्षांची फी ६ लाख, वसतिगृह आणि खानावळ १ लाख २० हजार. बाकी सगळं भाड्याचा फ्लॅट आणि बाईक. ते खोडलं. देशातल्या शिक्षणाला ४ लाखांवरच्या कर्जात पाच टक्के आपले घालावे लागतात, आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. कर्ज झालं. पण तोवर पहिल्या फीसाठी वडिलांनी वाशीच्या दलालाकडून उचल घेतली होती. पुढच्या मोसमातली प्रत्येक पेटी त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने.

तेव्हापासून मी सांगतो, मोहोर दिसला की फीचा तक्ता घेऊन या. जुलैत नको.

दुसरी चूक: 'शिक्षण संपेपर्यंत काही भरायचं नसतं.' हप्ता नसतो, व्याज असतं! १० टक्क्यांनी पहिल्या वर्षी ५ लाख उचलले, दुसऱ्या वर्षी ५ लाख. कोर्स दोन वर्षांचा, वर एक वर्षाची सवलत. पहिल्या पाचावर तीन वर्षांचं दीड लाख, दुसऱ्यावर दोन वर्षांचं एक लाख. नोकरी लागते तेव्हा डोक्यावर साडेबारा लाख. माझ्या मुलीच्या वेळी मी पहिल्या वर्षी महिन्याला ४,१६७ रुपये नुसतं व्याज भरत होतो, दुसऱ्या वर्षी दुप्पट. ओढाताण झाली, पण मुद्दल फुगलं नाही. असं भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. केंद्राची बिनतारण शिक्षणकर्जाची पीएम विद्यालक्ष्मी योजना २०२४ला आली, पण ती निवडक संस्थांसाठी; आधी यादीत कॉलेज शोधा. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी भरू नका, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे पडतात. शिक्षणकर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकर वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, आणि मामाकडून घेतलेल्या उसन्यावर मिळत नाही.

एमटेकवाल्यांना मात्र माझा एकच प्रश्न असतो: गेट, म्हणजे एमटेकची प्रवेशपरीक्षा, दिलीस? पात्र ठरून मान्यताप्राप्त कॉलेजात गेलास तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन आहे. "एक वर्ष वाया जाईल हो काका," म्हणतात, आणि सात वर्षांच्या हप्त्यांवर सही करतात.