ग्लुटेनमुक्त बिअरची पारख: धान्य ओळखण्यापासून गुण देण्यापर्यंत

तांदळाची भाकरी पोळीसारखी मऊ लागत नाही म्हणून कोकणात तिला कोणी नावे ठेवत नाही. तिला पापुद्रा सुटला का, काठ चिरले का, हेच पाहिले जाते. ग्लुटेन म्हणजे गहू-बार्लीतले एक प्रथिन. ग्लुटेनमुक्त बिअरचा पहिला घोट घेतल्यावर मात्र ‘नेहमीच्या बिअरची चव नाही’ एवढ्यावर निकाल दिला जातो, आणि ज्या धान्यापासून ती झाली त्या धान्याचा विचारच राहून जातो. पारख शिकायची असेल, तर सुरुवात त्या धान्यापासून करावी.

त्यासाठी आधी लेबल वाचावे. बाजारात या नावाखाली दोन अगदी वेगळ्या जाती येतात. एक बिअर ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, कुट्टू (बकव्हीट) अशा मुळातच ग्लुटेन नसलेल्या धान्यांपासून होते. अमेरिकेत 2006 साली आलेली ‘रेडब्रिज’ ही ज्वारीची बिअर या जातीची. दुसरी बार्लीपासूनच होते आणि तिच्यातील ग्लुटेनचे तुकडे एन्झाइमने केले जातात; स्पेनची ‘दाउरा’ ही बार्लीच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, बिअर त्या जातीची. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणण्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. परंतु आंबवण्यात आणि एन्झाइमच्या क्रियेत तुटलेले ग्लुटेन नेहमीच्या चाचण्यांत विश्वासाने मोजता येत नाही, आणि म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 च्या नियमात आंबवण्यापूर्वीचा कच्चा मालच ग्लुटेनमुक्त असल्याची नोंद मागितली. चाखणाऱ्यांत एकालाही सीलिअक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा, आजार असेल, तर माझ्या मते टेबलावर केवळ पहिली जातच ठेवावी. पेले आणि पाण्याचे तांबे कोणाचे कोणते, या गोंधळात दोन्ही जाती शेजारी ठेवण्याचा धोका पत्करू नये.

खाण्याच्या पदार्थांबाबतही हीच दक्षता हवी. दोन नमुन्यांच्या मध्ये जीभ स्वच्छ करण्यासाठी पाव किंवा बिस्किटे ठेवण्याची पद्धत इथे चालणार नाही. त्याऐवजी साधे कुरमुरे किंवा बिनमिठाची तांदळाची भाकरी ठेवावी. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, आणि वड्यांच्या पिठात काही घरी गहूही दळला जातो, हे विसरू नये. सोलकढी कितीही प्रिय असली, तरी कोकमाचा आंबटपणा आणि लसूण यांमुळे पुढचे दोन पेले वाया जातात. ती शेवटी घ्यावी.

जागा निवडणे हे कोकणात सर्वांत अवघड काम आहे. एप्रिल-मे महिन्यांत माळ्यावर आंब्याची अढी घातलेली असते, पावसाळ्यात सुक्या मासळीचे डबे उघडतात, आणि या दोन्ही वासांपुढे हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांचा, नाजूक वास टिकत नाही. त्यामुळे सकाळी दहा-अकराच्या सुमारास, स्वयंपाकाला सुरुवात होण्यापूर्वी, वारा खेळता असलेल्या पडवीत पण उन्हाआड बसावे. उन्हाचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. हॉप्समधील कडू घटकांवर प्रकाश पडला की काही मिनिटांतच रबर जळल्यासारखा उग्र दर्प तयार होऊ शकतो, आणि हिरव्या किंवा बिनरंगी पारदर्शक बाटलीतली बिअर त्याला लवकर बळी पडते.

पेले काचेचे, साधे आणि सारखे असावेत. घासल्यानंतर ते भरपूर पाण्याने विसळून उपडे ठेवून वाळवावेत, कारण खोबरेल तेलाचा किंवा साबणाचा अंशही फेस मारतो. मुळातच ग्लुटेन नसलेल्या धान्यांच्या बिअरचा फेस बहुधा अल्पायुषी असतो. बार्लीतील जी प्रथिने फेसाला आधार देतात ती इथे नसतात. म्हणून फेस लवकर बसला एवढ्यावरून फार गुण कापू नयेत, मात्र ओतताना तो उठलाच नाही तर त्याची नोंद करावी.

बाटली फ्रिजमधून काढून सात-आठ अंशांवर आली की प्रत्येकी साठ ते नव्वद मिलिलिटर ओतावे, आणि लेबले दुसऱ्या कोणाकडून झाकून घ्यावीत. एका बैठकीत पाचपेक्षा जास्त नमुने नकोत. आपल्याकडच्या उष्म्यात पेला झपाट्याने कोमट होतो, आणि ते उपयोगीच पडते: पहिला वास थंड असताना घ्यावा, आणि काही मिनिटांनी बारा अंशांच्या आसपास पुन्हा घ्यावा. दडलेला दोष तेव्हा वर येतो.

आता धान्याची ओळख. ज्वारीच्या बिअरमध्ये किंचित आंबूस, लिंबाकडे झुकणारी चव आणि शेवटी कधी धातूची छटा येते. तांदूळ हलका आणि कोरडा असतो, तो हॉप्सला पुढे येऊ देतो. कुट्टूला मातीचा आणि कवचफळांचा वास असतो, तर बाजरीसारखी बारीक धान्ये सौम्य, भाकरीच्या जवळची. नाचणीबाबत कोकणी माणसाचे नाक आधीच तयार आहे. मोड आणून, वाळवून, भाजून केलेल्या नाचणी सत्त्वाचा वास ज्याने लहानपणापासून ओळखला आहे, त्याला नाचणीचा माल्ट समजावून सांगावा लागत नाही. तिच्या कवचातून येणारा हलका तुरटपणा मी दोष मानत नाही. तो घोटानंतर जिभेवर खरखरीत होऊन राहिला, तरच मानतो. सराव करायचा असेल, तर चाखण्याआधी भाजलेली नाचणी, ज्वारी आणि तांदूळ यांच्या तीन वाट्या एकामागून एक हुंगाव्यात.

खरे दोष कोणत्याही धान्यात तेच असतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून बिअर शिळी झाली, आणि उष्ण गोदामात हे फार लवकर होते. लोण्याचा वास आणि हिरव्या सफरचंदाचा वास बहुधा आंबवणे अपुरे राहिल्याचे सांगतात. ज्वारीचा आंबूसपणा आणि जंतुसंसर्गाचा आंबटपणा यांत नवखा माणूस हमखास फसतो. पहिला घोटाबरोबर संपतो, दुसरा व्हिनेगरासारखा नाकात चढतो आणि पेला कोमट होईल तसा वाढत जातो.

गुणांसाठी बीजेसीपी या परीक्षक संघटनेचा पन्नास गुणांचा तक्ता सोयीचा आहे: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकूण परिणामाला 10. त्याच संघटनेच्या नियमांत पूर्णपणे ग्लुटेन नसलेल्या धान्यांची बिअर पर्यायी धान्यांच्या गटात येते, आणि एन्झाइमने ग्लुटेन कमी केलेली बिअर तिच्या मूळ शैलीतच तपासली जाते. हा भेद घरच्या बैठकीतही पाळावा. दाउरासारख्या बिअरची तुलना लागर या बार्लीच्या नेहमीच्या बिअरशी करणे रास्त आहे, ज्वारीच्या बिअरची नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय 21 आहे, तेव्हा बैठकीला कोणाला बोलवायचे तेही त्याच हिशेबाने ठरवावे.

शेजारच्यांशी बोलण्यापूर्वी प्रत्येकाने गुण लिहून घ्यावेत, आणि कागदावर बाटलीची उत्पादन तारीखही लिहावी. त्याच खेपेची दुसरी बाटली आठवड्याने लेबल झाकून पुन्हा चाखावी. दोन वेळच्या गुणांत पाचहून अधिक अंतर पडले, तर कोणताही आकडा अंतिम न मानता तिसरी उघडावी.