नक्षीदार पणत्या आणि जाळीचे कंदील: नक्षी न बुजवता झटपट ग्लेझ

दिवाळीसाठी चिनी मातीच्या साठ-सत्तर पणत्या, जाळीचे कंदील आणि तोरणाची लटकनं एका भट्टीत काढायची तर सर्वात जास्त वेळ ब्रशकामात जातो. पाकळी एका रंगाची, देठ दुसऱ्या रंगाचा, त्यावर तीन-तीन हात. एवढं करून भट्टी उघडावी तर कोरलेली रेघ ग्लेझखाली, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारख्या होणाऱ्या लेपाखाली, बुजलेली. भाजताना ग्लेझ वितळून खोलगट जागी साठतं आणि उंच कडांवरून ओसरतं, त्याला ब्रशने अडवता येत नाही. म्हणून नक्षीत काळपट ऑक्साइड भरायचं, वरचं पुसायचं आणि वस्तू पातळ पारदर्शक ग्लेझमध्ये एकदाच बुडवायची. काम वाचतं आणि नक्षी उलट जास्त उठून दिसते. दाट अपारदर्शक पांढरं ग्लेझ साध्या ताटलीला शोभतं; बारीक कोरीवकामावर ते वापरू नये.

पुढची मापं पांढऱ्या अर्दनवेअर मातीसाठी (कमी तापमानावर भाजली जाणारी, सच्छिद्र राहणारी माती) आहेत. बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची कोरी भाजणी, 1040 ते 1060 अंश सेल्सिअसवर घ्या आणि ग्लेझची भाजणी त्याच्या खाली, 1000 अंशांच्या आसपास म्हणजे कोन 06 ला (कोन हे भट्टीच्या उष्णतेचं माप) करा. बिस्क आधीच जास्त तापलेलं असलं की मातीतले वायू तेव्हाच निघून जातात आणि ग्लेझला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडत नाहीत. बाजारातून तयार लाल पणत्या आणून त्यांवर थेट ग्लेझ चढवायचा मोह टाळा. त्या बऱ्याच कमी तापमानावर भाजलेल्या असतात, ग्लेझ अधाशासारखं पितात आणि भट्टीत पुन्हा आकसतात. त्याच वापरायच्या असतील तर आधी 1040 ला परत भाजून घ्या. मातीत चुन्याचे कण असतील तर काही पणत्या तरीही फुटतील.

बिस्कवरची, म्हणजे अशा भाजलेल्या कोऱ्या वस्तूवरची, धूळ नक्षीच्या खाचांत बसते आणि तिथूनच ग्लेझ सुटतं. आदल्या दिवशी प्रत्येक वस्तू नळाखाली जुन्या टूथब्रशने धुवा आणि रात्रभर वाळवा. धुतल्यावर तेलकट हात लावायचा नाही. पावसाळा रेंगाळलेला असेल तर मुंबई-कोकणात एक रात्र पुरत नाही. भट्टी थोडी कोमट करून त्यात ठेवलेलं बरं, कारण ओलं बिस्क ग्लेझ शोषत नाही.

ऑक्साइडचं पाणी करायला 10 ग्रॅम लाल आयर्न ऑक्साइड, 10 ग्रॅम त्याच पारदर्शक ग्लेझची कोरडी पूड आणि 100 मि.लि. पाणी घ्या. ग्लेझची पूड टाळू नका. नुसतं ऑक्साइड सुकलं की भुकटीसारखं राहतं आणि वरचं ग्लेझ त्यावर पकड घेत नाही. निळी छटा हवी असेल तर आयर्नच्या जागी 2 ते 3 ग्रॅम कोबाल्ट कार्बोनेट पुरतं, ते फार कडक आहे. माती लाल असेल तर आयर्न दिसणारच नाही, काळा स्टेन (मातीकामाची तयार रंगपूड) घ्या. सगळ्या वस्तूंना हे पाणी आधी लावून घ्या, मग ओळीने पुसायला बसा. स्पंज घट्ट पिळलेला हवा, प्रत्येक पुसणीला त्याची स्वच्छ बाजू वापरा आणि पाणी वरचेवर बदला. ओल्या स्पंजने खाचेतलंही निघून येतं. पुसलेलं पाणी मोरीत न ओतता बादलीत साठवा, गाळ खाली बसू द्या.

आता ग्लेझची दाटी. हा भाग अंदाजाने करू नये. मोजपात्रात 100 मि.लि. ग्लेझ घेऊन वजन करा. भांड्याचं वजन वजा जाता साध्या वस्तूंसाठी ते 145 ते 150 ग्रॅम चालतं, पण नक्षीसाठी 140 ते 142 च हवं. त्याआधी ग्लेझ 80 मेशच्या (इंचाला 80 भोकं असलेल्या) चाळणीतून गाळलेलं असावं. एवढं पातळ केलं की दोन अडचणी येतात: पूड लवकर तळाला बसते आणि वस्तूवरून ओघळ उतरतात. उपाय एप्सम सॉल्टचा (मॅग्नेशियम सल्फेटचा) आहे. अर्धा कप गरम पाण्यात एक चमचा विरघळवा आणि 5 लिटर ग्लेझमध्ये चमचा-चमचा घालत ढवळा. बादलीतला भोवरा हात थांबवल्यावर लगेच मंदावून किंचित मागे सरकला की थांबा. जास्त पडलं तर थर जाड बसतो आणि वाळताना चिरतो.

पणती चिमट्याने धरून दोन सेकंद बुडवा, बाहेर काढताच मनगट फिरवून उरलेलं झटका. वाळल्यावर सुईने एका कोपऱ्यात ओरखडा काढून थर बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीपेक्षा जास्त नको. जाड बसलं असेल तर खरवडत बसू नका. धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा बुडवा. मात्र त्यात खाचेतलं ऑक्साइडही जातं, तेव्हा तेही परत लावावं लागेल. बुडाला ग्लेझ चिकटू नये म्हणून आधीच मेणाचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ मेण) लावून ठेवा आणि बुडापासून 3 मि.मी. वरपर्यंतची जागा कोरी सोडा.

जाळीच्या कंदिलाची मेख वेगळी. बुडवून काढताच भोकांवर ग्लेझचा पडदा धरतो. ओला असतानाच फुंकून फोडा. सुकल्यावर काडी घातली तर कडेचे टवके उडतात. 3 मि.मी.हून लहान भोकं बहुधा बुजतातच, म्हणून माती कापतानाच भोक 4-5 मि.मी.चं ठेवा, माती आकसते तेही धरून. कंदिलाच्या भिंती पातळ असतात आणि आतून-बाहेरून ग्लेझ लावलं की बिस्कची पाणी प्यायची ताकद संपते, मग थर फुगून सुटतो. आमच्या मते कंदिलाची आतली बाजू कोरीच ठेवावी. पांढरी माती उजेड छान परतवते आणि निम्मं काम वाचतं. बाहेरून स्प्रे केला तर भोकं बुजतच नाहीत. स्प्रे करताना बारीक कणांचा फिल्टर असलेला मास्क हवाच, नाकावर रुमाल बांधून भागत नाही.

लटकनांची मागची बाजू कोरी ठेवून ती थेट शेल्फवर आडवी मांडणं सर्वात सोपं. दोन्ही बाजू चकचकीत हव्यातच असतील तर दोन टेकूंवर जाड निक्रोमची (भट्टीची उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूची) तार टाकून त्यावर ओवा. तार 15 सें.मी.पेक्षा लांब नको, वजनाने ती वाकते आणि लटकनं एकमेकांना चिकटतात. ओवायच्या भोकाच्या आतलं ग्लेझ काडीवर गुंडाळलेल्या ओल्या कापसाने पुसून टाका.

भट्टीत भरण्याआधी प्रत्येक वस्तू उजेडात फिरवून बघा. सुकलेल्या थरात केसासारखी चीर दिसली तर बोटाने हलकेच घासून बुजवा. तशीच ठेवली तर वितळताना ग्लेझ चिरेच्या दोन्ही बाजूंना गोळा होऊन मधली माती उघडी पडते. दोन वस्तूंत 5 मि.मी. अंतर ठेवा. 200 अंशांपर्यंत तासाला 100, पुढे तासाला 150 अंश, शेवटी 1000 च्या आसपास पोचल्यावर 10 मिनिटं तेच तापमान धरा. भट्टी 100 अंशांखाली आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही; घाईने ग्लेझला तडे जातात.

पणतीच्या बाबतीत हे तडे नुसते दिसण्याचे नसतात. त्यांतून तेल अर्दनवेअरमध्ये झिरपतं आणि सकाळी रांगोळीवर गोल डाग उमटतो. प्रत्येक भट्टीतल्या दोन-तीन पणत्या पाणी भरून वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. कागद ओलसर झाला तर त्या खेपेच्या पणत्या टी-लाइटसाठी विका. ग्लेझ घेताना शिसंविरहित आहे का ते विक्रेत्याला स्पष्ट विचारा, कारण ही भांडी मुलांच्या हातात जातात आणि कधीतरी कुणीतरी त्यात मुखवास ठेवतंच.

सोनेरी कड हवी असेल तर ती तिसऱ्या भाजणीत, 700 ते 720 अंशांवर, लिक्विड गोल्डने (ब्रशने लावायच्या सोन्याच्या द्रावाने) चढते. ते महाग असतं, म्हणून सगळ्या पाकळ्यांऐवजी फक्त काठावर एक रेघ ओढा. काठ आधी स्पिरिटने पुसा. बोटाचा ठसा राहिला तर सोनं तिथे जांभळट उमटतं. 500 अंशांपर्यंत भट्टीचं झाकण किंचित उघडं आणि खोलीच्या खिडक्या सताड उघड्या ठेवा, धूर उग्र असतो. ज्योतीपासून दूर राहणाऱ्या लटकनांना मात्र सोनेरी अ‍ॅक्रिलिक पुरेसं आहे.